अवगुण नेमके कोणाचे?

स्वामी विवेकानंदांच्या परिव्राजक काळातील जयपूरचा एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असेल. शिबिरांत तो सांगितला जातो, व्याख्यानांत येतो, मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकातही असतो. मी तो पहिल्यांदा सातवीत असताना ऐकला. गेल्या मे महिन्यात तोच प्रसंग हिंदीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. दीड पानाचा मजकूर होता. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, त्यामुळे एका संध्याकाळचे काम आहे असे वाटले. ते तीन आठवडे लांबले. त्यात भाषेची अडचण थोडीच होती.

आधी प्रसंग सांगते. एप्रिल १८९३. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जाण्याचे ठरले होते. त्याआधी खेतडीचे राजे अजितसिंह यांना पुत्र झाला म्हणून त्यांच्या आग्रहाखातर स्वामीजी राजस्थानात आले. पुढे ३१ मे रोजी मुंबईहून ते बोटीत बसले. खेतडीहून निघताना राजे त्यांना निरोप द्यायला जयपूरपर्यंत आले होते, आणि मोठ्या इंग्रजी चरित्रात हा प्रसंग त्या मुक्कामातला म्हणून येतो. (खेतडीचे लोक मात्र तो आपल्याच गावात घडला असे सांगतात, आणि ते इतक्या जिव्हाळ्याने सांगतात की वाद घालावासा वाटत नाही.) संध्याकाळी राजांपुढे एका नर्तकीचे गाणे होते. स्वामीजी आपल्या जागी वेगळे बसले होते. राजांनी निरोप पाठवला, गाणे ऐकायला या. स्वामीजींनी उलट निरोप दिला की संन्याशाने अशा ठिकाणी येणे योग्य नाही.

तो निरोप त्या गाणारणीच्या कानी गेला. तिने सूरदासांचे विनयाचे एक पद गायला घेतले. प्रभू, माझे अवगुण मनात धरू नकोस, अशी त्यात विनवणी आहे. देवघरातले लोखंड असो की खाटकाच्या सुरीचे, परीस दोन्हींचे सोनेच करतो; नदीचे पाणी आणि नाल्याचे पाणी गंगेत मिळाले की दोन्ही गंगाच होते; तू तर समदर्शी आहेस, अशा अर्थाचे ते पद आहे. आवाज स्वामीजींपर्यंत पोहोचला. ते हेलावले, उठले आणि मैफलीत येऊन बसले. सगळे एकाच तत्त्वाचे आविष्कार आहेत हे मी तोंडाने म्हणत होतो, पण त्या दिवशी डोळ्यांवरचा पडदा दूर झाला आणि मग कोणालाही दोष देणे शक्य राहिले नाही, अशा आशयाचे ते पुढे स्वतः सांगत असत.

गोष्ट एवढीच. माझे काम अडले ते 'अवगुण' या शब्दावर. खरे तर शब्द मराठीतही आहे, तसाच ठेवता आला असता. पण आपल्याकडे अवगुण म्हटले की वाईट सवय डोळ्यांपुढे येते. तंबाखू खाणे हा अवगुण, उशिरा उठणे हाही अवगुण. पदातला शब्द त्याहून जड आहे. 'पाप' लिहावे तर त्याला नरकाचा वास येतो. 'दोष' कोरडा वाटतो, 'अपराध' कचेरीतला वाटतो. आणि त्या बाईंनी तो शब्द स्वतःबद्दल उच्चारताना त्यांच्या मनात नेमके काय असेल? अपराधीपणा हा शब्द आपण हल्ली सर्रास वापरतो, पण संतांकडे पाहिले तर त्यांचा शब्द 'अनुताप' आहे. त्यात ताप आहे, म्हणजे काहीतरी भाजते, विरघळते. खंत मात्र नुसती बसून राहते. लाज ही चारचौघांपुढची असते, एकटे असताना ती पुष्कळदा गळून पडते. म्हणजे ती बाई गाताना तापलेली होती, की लाजलेली होती, की नुसती दुखावलेली?

हे तपासत असताना माझ्या लक्षात आले की मी चुकीच्या माणसाच्या मनात शिरत आहे. त्या संध्याकाळी चूक तिची नव्हती. तिने काय केले होते? राजाच्या दरबारात नेमून दिलेले आपले काम. संन्याशाला बोलावणेही तिने धाडले नव्हते, ते राजांनी धाडले. न ऐकता, न भेटता निवाडा दिला तो दुसऱ्याच बाजूने. आणि तरी 'माझे अवगुण' म्हणून गायली ती.

या पदाची ताकद मला इथे दिसते. तिने स्वामीजींना उलट उत्तर दिले असते, तुम्ही कोण माझा निवाडा करणारे असे विचारले असते, तर तो वाद झाला असता. वादात स्वामीजींना कोण हरवणार होते! तिने आरोप मान्य केला आणि खटला थेट वर नेला. हो, माझे अवगुण आहेत, पण ते मनात धरायचे की नाही हे ज्याने ठरवायचे तो समदर्शी आहे. मग मधल्या मध्ये निकाल देऊन बसलेल्या माणसाला काही जागाच उरत नाही. पद प्रथमपुरुषी असते ते याचसाठी, असे मला वाटू लागले आहे. गाणारा 'मी' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्या 'मी'मध्ये आपणच बसलेले दिसतो. व्याख्यानात 'तुम्ही' येते, उपदेशात 'माणसाने' येते, आणि या दोन्हींतून निसटता येते. पदातल्या 'मी'तून निसटणे अवघड जाते.

इथे एक गोष्ट विसरू नये. स्वामीजींना संगीताचे वावडे नव्हते. तरुणपणी ते पद्धतशीर गाणे शिकले होते. संन्यासाच्या वाटेवर असतानाच, १८८७ साली, 'संगीतकल्पतरू' हा गीतसंग्रह त्यांच्या संपादनातून निघाला. श्रीरामकृष्णांची आणि त्यांची पहिली भेट झाली तीही १८८१ साली कलकत्त्यात सुरेंद्रनाथ मित्रांच्या घरी भजन गाताना. अजितसिंह स्वतः संगीताचे जाणकार होते आणि खेतडीच्या मुक्कामात दोघांत गाण्याच्या बैठकी होत. तेव्हा 'संन्याशाने गाणे ऐकू नये' असा तो नकार नव्हता. नकार गाणारणीला होता. संन्यासाचा नियम म्हणून त्यात काही वावगेही नव्हते, त्या काळी कोणीही तसेच वागला असता. चांगल्या नियमाच्या आडूनही एखाद्या माणसाला हलके लेखता येते, हे कळायला त्यांना ते पद ऐकावे लागले.

आपण गोष्ट सांगतो तेव्हा ती स्वामीजींच्या डोळ्यांतल्या पाण्यावर थांबवतो. मला आता वाटते की ती तिथे थांबवू नये. ऑगस्ट १८९६ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी, स्वामीजी स्वित्झर्लंडमध्ये होते. दक्षिणेश्वरच्या श्रीरामकृष्ण उत्सवाला वेश्या मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे सभ्य मंडळी यायला कचरतात, अशी तक्रार त्यांच्याकडे पत्राने आली. त्यांनी स्वामी रामकृष्णानंदांना लिहिलेले उत्तर उपलब्ध आहे. त्याचा आशय असा, की अशा स्त्रियांनी इतक्या मोठ्या तीर्थाला जायचे नाही तर जायचे कुठे? ईश्वर प्रकट होतो तो पुण्यवंतांपेक्षा पाप्यांसाठीच अधिक. आणि देवाच्या दारात येऊनसुद्धा ही वेश्या, तो हलक्या जातीचा, हा गरीब असा हिशेब ज्यांच्या मनात चालतो, तसले सभ्य लोक जितके कमी येतील तितके बरे. पत्राचा सूर चांगलाच कडक आहे. जयपूरला जो मनुष्य नियमावर बोट ठेवून बसला होता, तोच आता नियमवाल्यांना दार दाखवत होता. हे पत्र वाचल्यावर मला त्या संध्याकाळचे अश्रू खरे वाटले. त्याआधी मला, प्रामाणिकपणे सांगायचे तर, तो भाग जरा गोष्टीतला वाटत असे.

आता माझे काम का लांबले ते सांगते.

माझे वडील विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात नोकरीला आहेत, म्हणून आम्ही मुरलीपुऱ्यात राहतो. जवळच आमची साप्ताहिक भजनसंध्या असते. बहुतेक मंडळी राजस्थानी, आम्ही मराठी तीन-चार घरे. मी कॉमर्सची, म्हणून दानपेटी मोजणे, पावत्या फाडणे आणि रोकडवही लिहिणे माझ्याकडे आले. सतरंज्या घालायला, हार्मोनियम आणून ठेवायला दहावीतला एक मुलगा येत असे. त्याची आई आसपासच्या घरांत पोळ्या करते. हॉलची किल्ली त्याच्याकडे असायची.

जानेवारीत एका रविवारी पेटी मोजली तेव्हा वहीपेक्षा १,१०० रुपये कमी भरले. मी दोनदा मोजले. सात-आठ जण होते. मी म्हणाले, "चाबी तो इसी के पास रहती है।" चोरी हा शब्द मी उच्चारला नाही. तसा तो मी उच्चारला नाही, याचा आधार मी नंतर पुष्कळ दिवस घेतला. मुलगा काही बोलला नाही. त्याने किल्ली खिशातून काढली, हार्मोनियमवर ठेवली आणि सतरंज्यांची घडी घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. कोणी फारशी चौकशीही केली नाही. दहावीची परीक्षा जवळ आली असेल, असे कोणीतरी म्हणाले.

मार्चअखेर मी बँकेची जुळवणी करायला बसले. बँकेत १,१०० रुपये जास्त दिसत होते. एका काकांनी जानेवारीत क्यूआर कोडवर पैसे पाठवले होते, आणि मी त्यांची पावती फाडताना ती रकमेच्या रकान्यात नोंदवली होती, बँकेच्या नाही. पेटीत ते पैसे कधी आलेच नव्हते, मग कमी होण्याचा प्रश्नच नव्हता. बारावीचा विद्यार्थीही ही चूक करणार नाही. मी लाल शाईने दुरुस्तीची नोंद केली, खाली तारीख घातली. हिशेब जुळला. पाहणाऱ्या ताईंना मी सांगितले, "माझी एक नोंद चुकली होती, आता बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "चला, बरे झाले." मुलाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

त्याच आठवड्यात भजनाला मी सूरदासांचे तेच पद गायले. मुद्दाम निवडले होते. अंतऱ्याला माझा गळा दाटून आला. एका मावशींनी नंतर जवळ घेतले, म्हणाल्या, "आज बहुत भाव से गाया।" घरी जाताना मला हलके वाटत होते, कित्येक दिवसांनी. देवाने ऐकले असे वाटले. त्या रात्री मी शांत झोपले.

मे महिन्यात जेव्हा तो दीड पानाचा मजकूर समोर आला, तेव्हा ती झोप मला आठवली आणि मी लिहायची थांबले. कारण मी पद गायले होते त्या बाईसारखे, आणि माझी जागा होती संन्याशाची. निवाडा मी दिला होता. ज्याच्यावर दिला तो मुलगा तिथे नव्हता, त्याच्या कानावर एक सूरही पडला नव्हता. 'माझे अवगुण मनात धरू नकोस' हे मी देवाला म्हटले, पण त्या मुलाने माझा अवगुण मनात धरला आहे की नाही हे मी त्याला विचारलेच नव्हते. माझ्या अश्रूंनी फक्त माझे काम झाले होते.

भक्तिसंगीताबद्दल हा प्रश्न विचारला पाहिजे असे मला वाटते, आपण तो सहसा विचारत नाही. गाण्याने मन हलके होते हे खरे. पण ते कशाने हलके झाले, ओझे उतरले म्हणून की थोडा वेळ जाणवेनासे झाले म्हणून, हे गाणाऱ्याला आतून कळत नाही. दोन्हींत डोळ्यांना पाणी सारखेच येते.

इंग्रजीतले 'अमेझिंग ग्रेस' हे प्रार्थनागीत जगभर गायले जाते. ते लिहिणारे जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापारात होते. १७४८ साली समुद्रात वादळात सापडले असताना त्यांचे मन देवाकडे वळले, असे ते स्वतः सांगत. आपल्याला वाटते की मग त्यांनी तो धंदा सोडला असेल. तसे झाले नाही. त्यानंतर ते गुलामांच्या जहाजाचे कप्तान झाले, आणि १७५४ साली समुद्र सोडला तोही प्रकृतीमुळे. पुढे ते धर्मगुरू झाले. ते गीत १७७२ च्या अखेरीस लिहिले गेले आणि १७७९ साली छापले गेले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी उघडपणे पुस्तिका लिहिली ती १७८८ साली, आणि तीत आपल्या वाट्याची कबुली दिली. म्हणजे वादळापासून चाळीस वर्षे. मी त्यांना नावे ठेवायला हे लिहीत नाही. शेवटी त्यांनी लिहिले, आणि ती पुस्तिका त्या लढ्याला उपयोगी पडली. पण आपला उद्धार झाला असे गाणारा माणूस, ज्यांच्यावर त्याने अन्याय केला त्यांच्याबद्दल उघड बोलायला आणखी इतकी वर्षे घेऊ शकतो, हे डोळ्यांआड करता येत नाही.

आणि दूर कशाला जायचे? संत चोखोबांचे अभंग वारकरी संप्रदायात शतकानुशतके गायले गेले. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून त्यांचा अंत झाला, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. दाराच्या बाहेर. त्यांच्या अभंगांत आपल्या जातीहीनतेची वेदना आहे. आपला जन्मच जणू अपराध आहे असे लोकांनी त्यांना वाटायला लावले होते, आणि त्या वेदनेवर टाळ-मृदंगाच्या साथीने डोलणाऱ्या समाजाने त्यांच्या लोकांना दाराच्या आत घेतले नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कुठे ते दार उघडण्याची वाट मोकळी झाली. मधल्या सहाशे वर्षांत चोखोबा ऐकून किती डोळे ओले झाले असतील! जयपूरच्या गोष्टीत आणि या गोष्टीत फरक इतकाच आहे, की तिथे ऐकणारा उठला.

अपराध दोन प्रकारचा असतो, हे चोखोबांमुळे मला नीट कळले. एक आपण केलेला, आणि एक दुसऱ्याने आपल्या माथी मारलेला. गाण्यात दोन्ही 'माझे अवगुण' म्हणूनच येतात, शब्द तेच असतात. जयपूरच्या त्या बाईंचा अवगुण पुष्कळसा दुसऱ्या प्रकारचा होता. माझा पहिल्या प्रकारचा होता, आणि मी तो दुसऱ्या प्रकारच्या सुरात गाऊन घेतला. वर त्या मुलाच्या माथी एक मारून ठेवला होता, तो तसाच राहिला.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला तुकोबा जरा जास्त जवळचे वाटतात, कारण त्यांच्या घरी सावकारी होती. त्यांच्या अभंगांत स्वतःला पतित म्हणणे पानोपानी आहे, अनुताप इतका तीव्र आहे की कधी कधी वाचताना वाटते, या माणसाने असे केले तरी काय होते? पण महिपतींनी सांगितलेली कथा आपण लक्षात ठेवतो ती अर्धीच. गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तरली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या बरीच वर्षे आधी दुसरे कागद इंद्रायणीत गेले होते. लोकांनी लिहून दिलेली कर्जाची खते. भाऊ कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते नदीत सोडली, असे परंपरा सांगते. दुष्काळात होरपळलेले ते लोक, त्यांच्याकडची येणी. हे कागद मात्र तरले नाहीत, आणि तरायचे नव्हतेच. देवाकडे आपला हिशेब माफ करण्याची विनवणी करण्याआधी त्यांनी इतरांचा हिशेब बुडवून टाकला होता. आमच्या पुस्तकात बुडीत कर्जाच्या नोंदीचा एक पूर्ण धडा आहे. त्यात येणे बुडते तेव्हा काय करावे ते आहे, येणे आपण होऊन बुडवावे असे कुठे नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेले. ढेहर के बालाजीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांची खोली आहे. पत्ता शोधायला मला दहा मिनिटे लागली. चार महिने मी स्वतःला सांगत होते की त्यांचे घर कुठे आहे हे मला माहीत नाही.

मुलगा दारात होता. मी बाहेर उभी राहूनच सगळे सांगितले, बँकेची नोंद, क्यूआर कोड, रकाना. सांगता सांगता मी त्याला चक्क जुळवणी समजावू लागले. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "दीदी, मुझे तो पता था कि मैंने नहीं लिए। आप मम्मी को बोलो।"

आई पाच वाजता कामावरून आल्या. मी पुन्हा सांगितले, या वेळी रकाने वगळून. त्यांनी बसायला सांगितले नाही. कोणत्या कोणत्या घरी त्यांना त्या रविवारनंतर काय विचारले गेले ते त्यांनी सांगितले. एका घराने काम सोडायला लावले होते. ते घर आमच्या भजनाला येणाऱ्यांपैकीच. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "माफ़ी तो ठीक है। पर बोला तो सबके सामने था न?"

मी हो म्हणाले.

पुढच्या भजनसंध्येला, सुरुवातीच्या प्रार्थनेनंतर, मी उभी राहिले. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते, कारण माझा स्वतःवर भरवसा नव्हता. मी रडेन, मग मावशी मला जवळ घेतील, आणि पुन्हा सगळे माझ्याबद्दलच होऊन बसेल, याची भीती होती. पाच वाक्ये होती. रक्कम, तारीख, चूक माझी, त्या मुलाने काहीही घेतले नव्हते, आणि मी सर्वांसमोर जे म्हटले ते खोटे होते. शेवटचे वाक्य वाचताना आवाज फाटला, पण मी खाली बसले. खोलीत कोणी काही बोलले नाही. ज्या घराने काम काढून घेतले होते तिथल्या काकूही होत्या, त्या वहीकडे पाहत राहिल्या. मग पेटीवर सूर लागला आणि कोणीतरी मीरेचे भजन सुरू केले.

मुलगा आला नव्हता. आई आल्या होत्या. चपला काढतो त्या जागी, दाराशी उभ्या होत्या. मी आत बोलावले. त्या आल्या नाहीत. पहिले भजन संपेपर्यंत थांबल्या आणि गेल्या, त्यांची संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ झाली होती.

भाषांतर मी त्यानंतर दोन दिवसांत पूर्ण केले. 'अवगुण' तसाच ठेवला. त्या बाईंसाठी मूळ हिंदीत 'नर्तकी' होते. ही गोष्ट सांगणाऱ्या बहुतेक पुस्तकांत त्यांचे नाव नसते, आणि त्या संध्याकाळनंतर त्यांचे काय झाले हेही कोणी सांगत नाही. माझ्याकडून निदान एवढे झाले, की 'ती आली', 'ती गायली' असे एकेरी लिहिले होते ते काढून सगळीकडे 'त्या' केले. तपासणाऱ्या दादांनी विचारले, हा बदल का. मी म्हटले, राहू द्या.

मुलगा अजून येत नाही. त्याने अकरावीला विज्ञान घेतले आहे असे त्याच्या आई म्हणाल्या. किल्ली आता माझ्याकडे असते, सतरंज्याही मीच घालते.